सामू आणि हायड्रोजनची 'ताकद': एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, सामू म्हणजेच पीएच, आम्ल-अल्कपणा सांगणारा आकडा (7 च्या खाली आम्ल, वर अल्क). त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: "पीएच म्हणजे पॉवर ऑफ हायड्रोजन, हायड्रोजनची ताकद. दहावीच्या पोराला कळतं, उगीच पांडित्य कशाला? सालही चुकलंय. आणि लिटमसनं भागतं, मीटरचे चोचले कशाला?"

सालाचं मान्य. लेखात सामूची कल्पना मांडल्याचं साल 1924 पडलं, ते 1909 हवं. 1924 ला डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी व्याख्या सुधारली. मूळ मांडणी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली, 1909 चीच. दुरुस्त केलंय. पण 'उगीच पांडित्य' हे लागलं. बारा वर्षं मातीचे नमुने तपासतोय, दिखाव्यासाठी ओळ लिहीत नाही. चूक दाखवायला एवढा तुसडेपणा लागत नाही.

आता तुमची 'ताकद'. पॉवरचा इथला अर्थ गणितातला घात. सोरेनसेन यांनी हायड्रोजन आयनांचं प्रमाण 10 च्या ऋण घातात मांडलं, त्या घाताच्या आकड्याला 'पी' म्हटलं आणि नाव दिलं हायड्रोजन आयन घातांक. घाताला जर्मनमध्ये पोटेंझ, फ्रेंचमध्ये प्युइसांस, डॅनिशमध्ये पोटेन्स. तिन्हींचं पहिलं अक्षर पी. त्यांतला कुठला शब्द मनात होता, हे त्यांनी लिहिलेलं नाही. म्हणूनच मी 'पॉवर हेच मूळ' असं छातीठोक लिहिलं नाही.

ऋण चिन्ह सुटलं की अर्थच उलटतो. सामू 7 चा 8 झाला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात. तुमच्या हिशोबानं 8.5 च्या रानात 'ताकद' जास्त, म्हणजे जमीन आम्ल! जालन्याकडच्या मोसंबीवाल्यानं हे खरं धरलं तर तो चुनखडीच्या रानात आणखी चुना टाकेल. त्याच्या बागेत कोवळी पानं आधीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कारण या सामूला लोह विरघळत नाही. नुसतं फेरस सल्फेट जमिनीत दिलं तर त्यातलं लोह गंजासारखं होऊन बसतं, मुळांना मिळत नाही. ईडीटीए चिलेटही (लोह धरून विरघळतं ठेवणारं संयुग) चुनखडीत टिकत नाही, ईडीडीएचए हे दुसरं चिलेट लागतं. महाग आहे, पण झाडाला लागू पडतं.

लिटमसचा रंग साधारण 4.5 ते 8.3 च्या दरम्यान बदलतो, पुढे सगळं निळंच. 8.4 ची चुनखडीची जमीन आणि 9 ची चोपण (सोडियम साठलेली जमीन) त्याला सारखीच. चोपणीला जिप्सम लागतं, चुनखडीच्या रानात ते टाकून सामू उतरत नाही. हा फरक निळ्या कागदावर कसा वाचणार?

मीटरचं एवढंच करायचं: 2 मिमी चाळणीतून काढलेली 20 ग्रॅम माती, 50 मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळणं. मीटर आधी 7 आणि 9.2 च्या बफरला (ठरलेल्या सामूच्या द्रावणाला) लावून घ्या. बोअरचं पाणी घेतलंत तर त्यातले क्षार आकडा बिघडवतात. इलेक्ट्रोड (मीटरची द्रावणात बुडवायची कांडी) कोरडा राहिला की आकडा स्थिरच होत नाही; तो 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत नाही. तुमच्या रानाचा अहवाल असेल तर सामू, विद्राव्य क्षार आणि मुक्त चुना हे तीन आकडे इथं टाका, त्यावर बोलू.