‘एकवीस दिवस कोंडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सिडकोत राहणाऱ्या माझ्या आत्याने आतेभावाच्या व्यसनमुक्तीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या, कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा एक संदेश तिच्यापर्यंत पोहोचला. व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, व्यसनमुक्तीच्या गोळ्या म्हणजे दुसरे व्यसन, एकवीस दिवस घरात कोंडले की शरीर शुद्ध होते आणि पुन्हा नशा केली म्हणजे उपचार फसला, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. खाली ना लिहिणाऱ्याचे नाव, ना कुणा डॉक्टरचा हवाला.

यातला गोळ्या बंद करून कोंडण्याचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. आतेभाऊ ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, ओढत असे. त्याला दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळते आणि ब्राऊन शुगर मेंदूत जिथे काम करते तीच जागा धरून ठेवते. त्यामुळे तलफ, अंगदुखी, जुलाब आटोक्यात राहतात, आणि ठरावीक मात्रेपुढे तिचा परिणाम फारसा वाढत नाही. ती अचानक थांबवली तर त्रास होतो, एवढे अर्धसत्य मान्य करावे लागेल. परंतु गोळी घेऊन वेळेवर कामावर जाणारा मुलगा आणि पुडीसाठी घरातली भांडी विकणारा मुलगा यांत ज्या आईला फरक दिसतो, तिला ‘दुसरे व्यसन’ म्हणून घाबरवणे अक्षम्य आहे.

कोंडल्याने शरीराची सवय उतरते हे खरे, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण बाहेर पडल्यावर त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून तो दगावू शकतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१७ मध्ये छापलेल्या आढाव्यानुसार, ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार जणांवर वर्षभर लक्ष ठेवले तर) ४.३ मृत्यू झाले, तर उपचार थांबल्यावर ९.५. दारूचे प्रदीर्घ व्यसन असलेल्याला डॉक्टरांच्या देखरेखीविना कोंडले, तर झटके आणि भ्रम होऊन मृत्यूही ओढवू शकतो.

निर्धार लागतोच, आणि काही जण उपचारांशिवायही सुटतात. मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांची औषधे काढून घेता येत नाहीत. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या अमली पदार्थांच्या कारखान्यावर छापा पडल्यापासून आपल्याकडे ज्या एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाच्या पावडरीची, चर्चा आहे, तिच्यावर अशी मान्यताप्राप्त गोळीच नाही. तिथे समुपदेशन आणि दीर्घ पाठपुरावा यांवरच भिस्त असते. पुन्हा नशा होण्याबद्दल इतकेच, की रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कुणी औषध फेकून देत नाही, डॉक्टर उपचार बदलतात.

काही केंद्रांत मारहाण होते, हा संदेशातला उल्लेख मात्र निराधार नाही. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित विकारांनाही लागू आहे आणि त्याचे कलम ९५ रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करते. म्हणून दाखल करण्यापूर्वी केंद्राची नोंदणी पाहावी, मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का हे विचारावे, आणि कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. तो निःशुल्क आहे.