परदेशात बघा म्हणे!

आमच्या आजोळच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. नाशिकचं कुठलंसं हॉटेल, काउंटरमागे विशीतला मुलगा, समोर सफारीतले एक आजोबा. आजोबा मराठीतून विचारतायत, गरम पाणी किती वाजता येतं. मुलगा म्हणतो, "हिंदी में बोलिए ना, सर." पुढची दोन मिनिटं जे व्हायचं तेच झालं. खाली माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, लिहिलं होतं, "किती संकुचित झालोय आपण. हॉटेल हा सर्व्हिसचा धंदा आहे, भाषेचा नाही. परदेशात बघा."

हे वाक्य मी परदेशात, नार्वार्तेतल्या माझ्या स्वयंपाकघरात, गॅसवर भात ठेवून वाचलं. गेली तेरा वर्षं मी मेक्सिको सिटीत राहते. आमच्या माणसांच्या मनातला परदेश हा एकच देश असतो. तिथले रस्ते धुतलेले, माणसं हसरी, आणि सगळे इंग्रजी बोलतात. त्याची राजधानी बहुधा सिंगापूर असावी.

मी ग्रुपवर काही बोलले नाही. चार दिवसांनी दादाचाच वेगळा मेसेज आला. "नोव्हेंबरात लेकाकडे टेक्सासला जातोय. अमेरिकेच्या व्हिसावर मेक्सिकोत जाता येतं म्हणे, तर पाच दिवस तुझ्या मेक्सिकोत डोकावतो. एखादं चांगलं हॉटेल सुचव. स्टाफला इंग्रजी यायला हवं हं."

तर हा घे सल्ला, दादा. जाहीरच देते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

व्हिसाचं बरोबर आहे, त्यावर येता येतं. पहिल्या दिवशी मात्र काही ठरवू नकोस. हे शहर २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुझ्या हॉटेलची लॉबीच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर उंच. दोन जिने चढलास की धाप लागेल, तो हार्ट अटॅक नव्हे. पहिल्या रात्री टकीला नको, जेवण हलकं घे, पाणी भरपूर पी. पाणी बाटलीचंच, नळाचं आम्हीही पीत नाही. घरून इलेक्ट्रिक किटली आणायची नाही. इथे वीज १२७ व्होल्टची, पिना चपट्या दोन. अॅडॉप्टर लावलास तरी आपली किटली एक तृतीयांश ताकदीने कुथत बसेल. त्यात या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा जमतच नाही. तेरा वर्षांत मला जमलेला नाही. हा विषय मी सोडून दिला आहे.

खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नकोस. नकाशात झाडंबिडं दिसतात, पण सकाळपासून त्या झाडांखालून काय काय जातं ते नकाशा सांगत नाही. भंगारवाल्याच्या गाडीवरची ती मुलीच्या आवाजातली रेकॉर्ड, "से कोम्प्रान कोल्चोनेस", गाद्या, फ्रिज, स्टोव्ह, काय असेल ते जुनं लोखंड. संध्याकाळी रताळेवाल्याची शिट्टी, रात्री तामालेसवाला. आतल्या चौकाकडची खोली माग. तिला 'इंतेरिओर' म्हणतात आणि ती बहुतेक वेळा स्वस्तही पडते. नोव्हेंबरातल्या रात्री गार असतात आणि बऱ्याच खोल्यांत हीटर नसतो, तेव्हा जास्तीची 'कोबिखा', म्हणजे पांघरूण, पहिल्या दिवशीच मागून घे.

आता भाषेचं.

बाथरूममधल्या नळावर 'सी' आणि 'एफ' अशी अक्षरं असतात. इंग्रजीवाला माणूस 'सी' म्हणजे कोल्ड समजून बिनधास्त उघडतो आणि भाजून घेतो. 'सी' म्हणजे कालिएंते, गरम. 'एफ' म्हणजे फ्रीआ, थंड. माझ्या ऑफिसचे पाहुणे मी बऱ्याचदा सेंत्रोतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागातल्या, एका जुन्या हॉटेलात उतरवते, त्यांतला दर तिसरा सकाळी हे सांगत येतो. लिफ्टमध्ये 'पीबी' दाबायचं, तो तळमजला. शून्य आणि 'जी' शोधत काही जण पुन्हा वर जाऊन येतात. नळ आणि लिफ्ट ज्या गावच्या भाषेत आहेत तिथे जाऊन धंदा भाषेचा नाही म्हणायचं, याला काय म्हणावं?

काउंटरवर तर विचारूच नकोस. मोठ्या हॉटेलांत इंग्रजी येतं, अगदी छान येतं. पण तू गेल्या गेल्या "चेक इन" म्हणालास तर समोरची मुलगी आधी "बुएनास तार्देस", म्हणजे शुभ दुपार, म्हणेल आणि थांबेल. ते तू परत म्हणेपर्यंत तिचा हात कीबोर्डवर जाणार नाही. हा उद्धटपणा नाही, इथली रीत आहे. लिफ्टमध्ये शिरतानाही म्हणायचं. दुसऱ्याच्या टेबलाजवळून जाताना "प्रोवेचो", म्हणजे सावकाश जेवा. ऐकू आलं नाही तर "के?" असं खेकसायचं नाही, "मांदे?" म्हणायचं. एवढे चार शब्द खिशात असले तर खोली बदलूनही मिळते. "आओरिता" म्हणाले तर मात्र खुर्ची शोधून बस. त्याचा अर्थ 'आत्ता', पण आपल्याकडे शिंपी "आत्ता देतो" म्हणतो तो आत्ता.

शाकाहारींनी नुसतं "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, म्हणून गप्प बसू नये. इथल्या आचाऱ्याच्या लेखी हॅम आणि चिकन ही कार्ने नव्हेत. फ्रिखोलेस बघून तुला आपली उसळ आठवेल, पण त्यात डुकराची चरबी असू शकते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. प्रत्येक गोष्ट वेगळी विचारावी लागते, आणि ती स्पॅनिशमध्येच. नाश्त्याला चिलाकिलेस खा, म्हणजे सालसात भिजवलेले मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे, हिरवे. रस्त्यावर निळ्या मक्याची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी, घेशील तेव्हा आत चीज हवं असं मुद्दाम सांग, कारण या शहरात केसादियात चीज गृहीत नसतं. यावरून बाकीचा देश या शहराला हसतो. वादावादी फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

टिप. जेवणावर १०-१५ टक्के. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज सकाळी वीस-तीस पेसो उशीवर ठेवायचे. शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज तीच बाई येते असं नाही. दर बघताना १६ टक्के कर आणि राहण्याचा वेगळा कर धरलेत का ते बघ. आणि नाश्ता धरलाय का, तेही.

आता एक गोष्ट गंभीरपणे. खोलीत सामान ठेवलंस की पहिल्यांदा खाली उतर आणि 'पुंतो दे रेउनिओन'ची, म्हणजे भूकंपात जमायच्या जागेची, हिरवी पाटी कुठे आहे ते बघून ये. आलामेदा बागेच्या टोकाला एक मोकळा चौक आहे, लोक बुद्धिबळ खेळत बसलेले असतात. तिथे हॉटेल रेहिस होतं. १९ सप्टेंबर १९८५च्या सकाळी ते कोसळलं आणि पेटलं. त्याच तारखेला २०१७मध्ये सकाळी अकराला शहरभर भूकंपाची कवायत झाली आणि दुपारी सव्वाला खरा भूकंप आला, ७.१ तीव्रतेचा. २०२२मध्ये पुन्हा तीच तारीख. इथे सप्टेंबर सुरू झाला की माझी सासू पर्स दाराशी ठेवते. किनाऱ्याकडे भूकंप झाला तर खांबांवरचे भोंगे पाऊण-एक मिनिट आधी वाजतात, म्हणून रात्री चपला आणि पँट पलंगाशीच ठेवायची. २०१७ला केंद्र जवळ होतं, भोंगा हादऱ्याबरोबरच वाजला. मी तेव्हा इथल्याच रोमा नावाच्या वस्तीत, ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर होते. खाली कशी आले आठवत नाही. रस्त्यात एक बाई माझ्याकडे बघून "आलेखेसे!" ओरडत होती, लांब हो. मी लांब झाले आणि माझ्या मागे दर्शनी भिंतीच्या फरश्या पडल्या. तो शब्द मला कळला नसता तर, एवढाच माझा मुद्दा आहे. दादा म्हणेल, भोंग्याला कुठली भाषा असते? मुद्दा बरोबर आहे, म्हणून हा किस्सा मी त्याला कधी सांगितला नाही.

आणखीही एक सांगितलेला नाही. सेंत्रोतल्या त्याच हॉटेलात खोल्या आवरणारी एक कामारिस्ता चादरी बदलताना फोनवर बोलत होती, आणि ते स्पॅनिश नव्हतं. मी कौतुकाने विचारलं, ही कुठली भाषा? ती ओशाळली. "दिआलेक्तो," म्हणाली, दक्षिणेतल्या ओआखाका राज्याकडची. ती मिस्तेकोत बोलत होती. या देशात अशा अडुसष्ट भाषा मोजल्या आहेत आणि २००३च्या कायद्याने त्या स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा आहेत. पण तिच्या तोंडी भाषा हा शब्द येत नाही, बोली येतो. हॉटेलच्या काउंटरवर जिचा मान ठेवा म्हणून मी दादाला ऐकवते, ती भाषा पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आलेली. मग इथली भाषा कुठली? तो विषय वेगळा आहे. निदान मी तो वेगळा ठेवते.

२०२५चा जुलै आठवतो. आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा निर्णय २९ जूनला मागे घेतला गेला होता आणि ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे एका मंचावर आले. त्याच्या काही तास आधी, इथे ४ जुलैची दुपार होती, कोंदेसा वस्तीतल्या पार्के मेक्सिको या बागेपासून मोर्चा निघाला. भाडी परवडेनात, घरं पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने दिली जातात, लॅपटॉपवाले गोरे येऊन राहतात. स्पॅनिश शिका, कर भरा, असे फलक होते. शेवटी काही तोंड झाकलेल्या पोरांनी काचा फोडल्या आणि राष्ट्राध्यक्षा शेइनबाउम यांनी परकीयद्वेष म्हणून त्याचा निषेध केला. त्या रात्री मी दोन्हीकडचे व्हिडिओ आलटून पालटून बघितले. आपल्याकडचे बघून "हाणामारी कशाला" असं वाटत होतं आणि इथले बघून "बरं झालं". कोपऱ्यावरच्या कॅफेत इंग्रजीत ऑर्डर देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझ्या रंगामुळे मला कोणी ग्रिंगा, म्हणजे गोरी परदेशी बाई, म्हणत नाही. तोंड उघडेपर्यंत मी ओआखाकाची असते. मी स्पॅनिशची आणि इथल्या इतिहासाची परीक्षा देऊन नागरिक झाले आहे, हे मी संधी मिळेल तिथे सांगते. माझा पगार डॉलरमध्ये येतो आणि माझ्या आधी या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई भाडं वाढलं म्हणून शहराच्या पूर्वेकडच्या इस्तापालापाला गेल्या, हे सहसा सांगत नाही.

दादाला तरी मी किती नावं ठेवू? तो निदान जिथे राहतो तिथे राहून बोलतो. मी नाशकात असताना रिक्षावाल्याशी हिंदीतच बोलायचे, कॉलेजात इंग्रजीची फुशारकी मारायचे. मराठीचा कळवळा मला इथे आल्यावर सुटला. माझा मुलगा "आजी" आणि "पोळी" हे दोन शब्द स्वच्छ म्हणतो.

आई गेल्यावर गंगापूर रोडचा फ्लॅट विकायला मी गेले होते. रिकाम्या घरात झोपवेना, म्हणून हॉटेल घेतलं. काउंटरवरचा मुलगा बिहारचा होता. मी मुद्दाम ठसक्यात मराठी सुरू केली, व्हिडिओतल्या आजोबांची बहीण शोभावी अशी. तो शांतपणे मराठीत म्हणाला, "ताई, पासपोर्ट द्या." मी हिरवा पासपोर्ट पुढे केला. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. परदेशी माणूस उतरला की फॉर्म सी भरावा लागतो, त्याने मॉनिटर फिरवून मला दाखवला. राष्ट्रीयत्व, मेक्सिकन. कायमचा पत्ता, नार्वार्ते. मग म्हणाला, "भारतातला पत्ता?" मी गंगापूर रोड म्हणता म्हणता थांबले. खरेदीखत त्याच दुपारी झालं होतं. "हॉटेलचाच टाकतो, चालेल?" म्हणाला, आणि टाकला.

दादाचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. रात्री त्याचा फोन आला, कुठे उतरलीस विचारलं. मी हॉटेलचं नाव सांगितलं.

"चांगलं आहे ते," दादा म्हणाला. "ब्रेकफास्ट इन्क्लूडेड आहे ना?"