जुन्या नाशकात रुळायचं असेल तर

आलात? या. चपला जिन्यात ठेवू नका, जातात.

गंगापूर रोडचा फ्लॅट सोडून गावठाणात कुणी येत नाही, सगळ्यांची वाट उलटी. तेव्हा तुमचं डोकं तरी फिरलंय, नाहीतर वाड्याचा खटला तुमच्या बाजूने लागलाय. काहीही असो, इथे रुळायची एक रीत आहे.

पत्ता सांगताना गल्ली सांगायची नाही, इतिहास सांगायचा. रिक्षात बसल्यावर 'विजयानंद थिएटरच्या अलीकडे' म्हणा आणि लगेच २१ डिसेंबर १९०९ची रात्र सुरू करा. नाटकाला आलेला कलेक्टर जॅक्सन, पिस्तूल घेऊन बसलेला अनंत कान्हेरे. गोष्ट संपेपर्यंत मीटरचा विषय निघत नाही. तसाही तो निघत नाहीच.

फार पाठांतर लागत नाही. नारोशंकराचं देऊळ १७४७, सुंदरनारायणाचं १७५६, सार्वजनिक वाचनालय १८४०, नगरपालिका १८६४. एवढ्या भांडवलावर लग्नातल्या दोन पंगती सहज निघतात. वाचनालयात शेवटचं कधी गेला होतात, असं कुणी खवचट विचारलंच तर 'आमचे आजोबा रोज जायचे' म्हणून जिलेबी वाढून घ्या. आणि मुघलांनी गावाला गुलशनाबाद म्हटलं होतं, ही माहिती गटाराच्या कडेला उभं राहून देऊ नका. लोक हसतात.

काळारामाची गोष्ट सांगताना जरा जपून. सरदार ओढेकरांनी देऊळ बांधलं, काळा पाषाण, काय ती घडण, इथपर्यंत आवाज चढा ठेवा. पुढे २ मार्च १९३० येतं. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं दाराशी येऊन उभी राहिली, सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, आणि दार काही उघडलं नाही. बाहेर कोण होतं हे पुस्तकात आहे. दार आतून लावून कोण बसलं होतं, असं हल्ली पोरं विचारतात. अशा वेळी चहा मागवावा. भाडेकरूचं आडनाव आपण अजूनही डिपॉझिटच्या आधी विचारतो, हा विषय मात्र चहा आल्यावरही काढू नये.

पावसाळ्यात हवामान खात्याकडे बघायचं नाही, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघायचं. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की पोराबाळांना घेऊन भजी खात पूर बघायला जायचं. कमरेला आलं की सराफ बाजारात फोन करून 'आवरलंत का' विचारायचं, मदतीला जायचं नाही. गळ्याला आलं की वाद घालायचा: हा पूर १९६९सारखा की नाही? नवख्या माणसाने इथे २००८चं नाव काढू नये, २०१६ आणि २०१९ तर मनातसुद्धा आणू नयेत. ज्याचं वय मोठं त्याचा पूर मोठा, हा पेठेचा नियम आहे. धरणातून किती क्युसेक सोडले तो आकडा मोबाइलवर येतो. क्युसेक म्हणजे काय, हे विचारायचं नाही. 'बाप रे' म्हणायचं आणि पुढे पाठवायचं.

दहीपुलाशी तर गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीचीही वाट बघावी लागत नाही. सरस्वती नाला आपण रस्त्याखाली घातलाय. तास-दीड तास पाऊस झाला की ती बाई वर येते आणि दुकानादुकानांत शिरून आपण इथल्याच, हे दाखवून जाते. आपण म्हणायचं, 'पाणी कुठून आलं कोण जाणे!'

आता वाड्याचं. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्याची नोटीस येईल. घाबरू नका. मालक म्हणतो भाडेकरू हलत नाहीत, भाडेकरू म्हणतो हललो की हक्क गेला, आणि दोघंही खरं बोलतात. नोटीस दाराला चिकटवतात, गेल्या वर्षीच्या नोटिशीवर. आमच्या माडीची एक भिंत गेले तीन पावसाळे निव्वळ नोटिशींच्या जाडीवर उभी आहे. हसू नका. एखाद्या पावसात एखादा वाडा बसतोच. मग आपण सगळे जमतो आणि 'सागवानी खांब होते हो' म्हणून हळहळतो. आत कोण होतं, ते त्यानंतर विचारतो.

कचऱ्याचं शास्त्र सोपं आहे. नाशिककराचं घंटेशी नातं फार जुनं. वसईला पोर्तुगीज हरले, त्या विजयाची म्हणून सांगतात ती घंटा नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहेच. दुसरी घंटा रोज सकाळी गाडीवर बसून गल्लीत येते. ती वाजत असताना खाली जायचं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली की सावकाश जिना उतरायचा, 'हल्ली थांबतच नाहीत' असं समोरच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं आणि पिशवी कोपऱ्यावर, कालच्या पिशवीला सोबत म्हणून ठेवायची. निर्माल्य असेल तर थेट गंगेवर. गोदावरीला आपण गंगा म्हणतो ते उगाच नाही. गंगेत टाकलं त्याला कचरा म्हणत नाहीत. पुलाला जाळी लावली असेल तर हात थोडा उंच करायचा. एवढ्याने पुण्य कमी होत नाही.

कशाची तक्रार करावीशी वाटलीच तर आधी सिंहस्थ किती लांब आहे ते मोजा. २०१५ला झाला, पुढचा २०२७ला. बारा वर्षांनी देव येतात आणि देवांच्या पुढे डांबर येतं. मधल्या काळात मागणाऱ्याला अधीर म्हणतात.

आणि हो, रंगपंचमीला गावी जाऊ नका. इथे धुळवडीला कुणी रंगत नाही, आपला रंग पंचमीला, तोही रहाडीत. पेशवाईपासूनचे हौद आहेत हे, रस्त्याच्या पोटात, आठ-दहा फूट खोल. वर्षभर वर फळ्या आणि माती. त्यावरून हातगाड्या जातात, वराती नाचतात, खाली काय आहे याचा नव्या माणसाला पत्ता नसतो. पंचमी जवळ आली की पोरं माती उकरतात, फळ्या काढतात, हौद घासतात, पूजा करतात, रंग उकळून ओततात. एकाच्या अंगावर दुसरा धप्पा मारतो, म्हणजे हौदात उडी घेतो. मग रहाड रिकामी होते, फळ्या बसतात, माती पडते, वरून रस्ता पूर्ववत. ना टेंडर, ना फलक, ना 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. वेळेवर खणायचं आणि वेळेवर बुजवायचं, हे काम पेठेला चांगलं येतं. ते वर्षातून एकदाच करावं, असा मात्र दंडक आहे.

कारण रहाडीपासून वीस पावलांवर पाइपासाठी खणलेला चर आहे. पाइप येऊन गेला की यायचाय, यावर दोन मतं आहेत. कडेला आता तुळस उगवली आहे, एका आजींनी तिला कुंकूही लावलंय. पंचमीला तुमचे पाहुणे आले आणि तिकडे बोट दाखवून 'ही कुठली रहाड?' असं विचारलं, तर गांगरू नका. अभिमानाने सांगा, ही बाराही महिने उघडी असते.