झार व्हायचंय? मग थोडी सुधारणा करा

एखादं साम्राज्य हाती आलंच आणि वर सुधारक म्हणून नावही हवं असेल, तर रशियाच्या झारांकडे शिकवणी लावा.

सुरुवात दाढीपासून. पीटरने दाढीवर कर बसवला. भरणाऱ्याला पावती म्हणून बिल्ला मिळे. देश आधुनिक दिसतो, तिजोरीही भरते.

परदेशी विचारवंतांना पत्रं लिहीत जा. कॅथरीन व्होल्तेरला लिहायची. नवे कायदे करायला तिने 1767 मध्ये देशभरातून प्रतिनिधी बोलावले, आणि त्याच वर्षी भूदासांनी, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांनी, मालकाविरुद्ध तिच्याकडे अर्ज करणं गुन्हा ठरवलं. पॅरिसमध्ये वाहवा झाली, बस्स!

आता मोठा धडा: मुक्ती द्या, पण हप्त्यांवर. 1861 मध्ये अलेक्झांडर दुसऱ्याने जमीनदारांच्या दोन कोटींहून अधिक भूदासांना मुक्त केलं. परवा एका व्याख्यानात वक्ते यावर अगदी विरघळले. ‘एका सहीत! संसद असती तर अजून चर्चाच चालली असती!’ टाळ्या. मी हात वर केला, तर म्हणे वेळ संपली. अहो, सहीखालच्या अटी वाचल्यात का? पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीतले तुकडे कित्येक ठिकाणी मालकाने कापून घेतले. उरलेलीची किंमत फुगवली. सरकारने मालकाला बहुतेक रक्कम रोख्यांत दिली आणि शेतकऱ्याकडून वसूल करायची ठरवली, वर्षाला सहा टक्के, 49 वर्षं! एकाने थकवलं तर अख्खा गाव जबाबदार, म्हणून गावपंचायतीच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. घरगड्यांना तर जमीनच नाही. कझान प्रांतातल्या बेझ्दना गावाला वाटलं, खरी मुक्ती कुणीतरी दडवलीय. जमावावर गोळ्या चालल्या. फटक्यांची शिक्षा तर 1904 पर्यंत होती.

संसद द्यावी लागली, तर बरखास्तीचा हक्क खिशात ठेवा. निकोलसची पहिली दूमा 1906 च्या एप्रिलमध्ये भरली, जुलैत घरी गेली. दुसरीही आवडली नाही, तेव्हा 1907 मध्ये मतदानाचा कायदाच बदलला.

पुरे झाली शिकवणी. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, ते हप्ते कुठल्या झाराच्या दयेने माफ झाले नाहीत. 1905 मध्ये देश पेटला, जमीनदारांचे वाडे जळाले, तेव्हा कुठे 1907 पासून वसुली थांबली. आणि तुमचा तो उदार झार अलेक्झांडर 1881 मध्ये बाँबने मेला, त्याच सकाळी त्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करण्याच्या बेताला होकार दिला होता. मुलाने दोन महिन्यांच्या आत तो बेत गुंडाळला आणि एकतंत्र अढळ असल्याचा जाहीरनामा काढला. जाब विचारायला जागाच नव्हती. तशी जागा, म्हणजे संसद, तुम्हाला आयती मिळालीय आणि तुम्हाला तिचाच कंटाळा आलाय! चाबूक हवा म्हणता, तो दुसऱ्याच्या पाठीवर पडेल हे कुणी सांगितलं तुम्हाला?