जास्वंदीची राखण

मुळात आम्हाला कॅमेरा नको होता, फुलं हवी होती. गेटजवळ आमची लाल जास्वंद आहे, निम्मी कंपाउंडच्या बाहेर वाकलेली, आणि आई रोज रात्री झोपायच्या आधी टॉर्च घेऊन तिच्या कळ्या मोजते. "उद्या अकरा" असं घरात जाहीर करून झोपते. सकाळी साडेपाचला जाऊन बघते तर दोन. मग जो काही उद्धार सुरू होतो तो चहा उकळेपर्यंत चालतो, गणपतीला ती दोन फुलं वाहताना पण मधेमधे चालूच असतो. बाबांनी पाटी लावून बघितली, पण पुण्यात पाटी लोक वाचतात, हसतात, फोटो काढतात आणि मग फुलं तोडतात.

तर एका रविवारी जेवणानंतर सुस्तीत मी बोलून गेलो, की कॅमेरा लावून टाकू. त्या एका वाक्याने माझे अडीच महिने खाल्ले.

मला वाटलेलं दुकानात जायचं, कॅमेरा द्या म्हणायचं, पैसे द्यायचे. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पहिल्याच दुकानदाराने विचारलं, "बुलेट का डोम?" मी म्हटलं, जो चांगला असेल तो. तो असा हसला की मला शाळेतले गणिताचे सर आठवले. मग टू मेगापिक्सेल का फाइव्ह, रेकॉर्डिंगचा डबा डीव्हीआर का एनव्हीआर, वायर कुठली टाकायची, हार्ड डिस्क किती टीबी. आणि वर "सर, लेन्स टू पॉइंट एट देऊ का थ्री पॉइंट सिक्स?" आता कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तेवढ्याच पैशात २.८ मिळतंय आणि ३.६ मिळतंय तर तो काय घेणार? मी पण ३.६ म्हणालो. नंतर कळलं की हे उलटं असतं, आकडा लहान तर चित्र रुंद, आकडा मोठा तर दिसतं कमी पण जरा जवळून. म्हणजे एकतर सगळी गल्ली दिसणार पण माणसाचं तोंड शेंगदाण्याएवढं, नाहीतर तोंड नीट दिसणार पण तो उभा राहील तिथे राहिला तरच. चोराने कुठे उभं राहायचं हे त्याला कोण सांगणार.

पहिल्या फेरीत मी फक्त एक कोटेशन आणि डोकेदुखी घेऊन आलो.

मग सल्ले. शेजारचे काका म्हणाले चार कॅमेरे हवेतच, दोन लावून काय करणार. कुठे लावणार विचारलं तर म्हणाले, ते नंतर बघू. हिंजवडीला असलेला मेहुणा म्हणाला, भावजी काहीही घ्या पण पासवर्ड बदला, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे न् डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेऊन अर्ध्या अमेरिकेच्या वेबसाइट्स बंद पाडलेल्या. आईने हे ऐकलं आणि तिला खरोखर वाटलं की आपल्या जास्वंदीवरून अमेरिकेत काहीतरी होणार.

हार्ड डिस्कचा हिशोब बाबांनी कॅलेंडरच्या मागे मांडला. रिटायर्ड अकाउंटंट माणूस, सोडतो थोडाच. एका कॅमेऱ्याला दर सेकंदाला २ मेगाबिट धरले, चार कॅमेऱ्यांचे ८, म्हणजे १ मेगाबाइट, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे रोजचे ८६ जीबी. "एक टीबीत साडेअकरा दिवस बसतात," बाबा म्हणाले, "त्यात साडेअकरा दिवस आपलं रिकामं गेट." हे खरं तर तिथेच थांबायला पुरेसं होतं.

पण मी रात्री एक-एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघायला लागलो होतो, आणि बघता बघता विषय कुठच्या कुठे जातो. घरातला कॅमेरा ही कल्पना मुळात एका नर्सची हे तिथेच कळलं. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली. ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, घरी एकटी असताना दार कोणी वाजवलं तर भीती, पोलिस वेळेवर येत नाहीत, म्हणून तिने आणि नवऱ्याने १९६६ मध्ये दाराला चार भोकं आणि वरखाली सरकणारा कॅमेरा अशी युक्ती काढली, १९६९ ला पेटंट मिळालं. बायकोला कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "तिने स्वतः बनवला, तुला विकत पण घेता येईना?"

लागलं ते. दुसऱ्याच दिवशी एक वाय-फायवाला घेऊन आलो, वायरच नको. स्टुलावर चढून स्वतः लावला. पहिल्या रात्री १४३ नोटिफिकेशन्स. पहाटेपर्यंत फोन थरथरत होता आणि मी प्रत्येक वेळी धडपडून उठत होतो. चोर नाही, कोळी. रात्री कॅमेऱ्यातून ते इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड, निघतं ना, त्याच्याभोवती किडे जमतात, आणि किडे जिथे तिथे कोळी, त्याने लेन्ससमोरच जाळं विणलेलं. मोबाइलवर आठ पायांचा राक्षस आमच्या गेटवरून ये-जा करत होता. आता रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मी केरसुणीने कॅमेरा झाडतो.

पाचव्या दिवशी मात्र सापडला! पहाटे ५ वाजून ८ मिनिटं. माणूस, हातात पिशवी, डोक्याला माकडटोपी, पांढरीशुभ्र. झाड पण पांढरं, बर्फ पडल्यासारखं. बाबा चार दिवस पहाटे फिरायला जाऊन पांढरी माकडटोपी शोधत होते, अख्ख्या कॉलनीत एक नाही. मग मेहुण्याने फोनवर सांगितलं, अहो भावजी, इन्फ्रारेडमध्ये रंग नसतात, हिरवी पानं पांढरी दिसतात आणि काळी-तपकिरी लोकर पण कधीकधी पांढरी दिसते. म्हणजे काळ्या-तपकिरी माकडटोपीवाला कोणीही. डिसेंबरात आमच्या कॉलनीत पन्नाशीच्या पुढचे सगळे पुरुष संशयित, त्यात बाबा पण आले.

"रंगीत आणा," आई म्हणाली. तिला आता चेव चढलेला.

रंगीत आणला. ह्याला माणूस आल्याचं कळलं की आपोआप पांढरा दिवा लागतो आणि रात्री पण रंगात दिसतं. दुकानदार म्हणाला, "सर, चोर दिवा बघूनच पळतो." पैसे सांगत नाही, घरात अजून दोघांना खरा आकडा माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं चहाचे कप घेऊन मोबाइलभोवती. ५ वाजून ११ मिनिटं. माणूस आला. तपकिरी माकडटोपी, वर मफलर, डोळे सोडले तर काही दिसेना. दिवा लागला. तो दचकला, थांबला, वर बघितलं. पळाला नाही. पिशवी कोपराला अडकवली, खिशातून चष्मा काढून लावला, आणि त्या उजेडात फांदी हळूच वाकवून एकेक फूल निवडून काढायला लागला. देठासकट, काय निगुतीने.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागच्या फांदीवरची दोन त्याला अंधारात दिसायची नाहीत रे. तीच आपल्याला मिळायची."