ते 'केमिकल-फ्री' बबल बाथ पोरांच्या टबात ओतू नका

"एक वाटी भांड्यांचं लिक्विड, अर्धी वाटी गुलाबजल, दोन चमचे ग्लिसरीन, एक लिंबू, चमचाभर खायचा सोडा आणि निलगिरी नाहीतर लॅव्हेंडर तेलाचे 25 थेंब. सुगंधी बबल बाथ घरच्या घरी! 100% नैसर्गिक, केमिकल-फ्री, 6 महिने टिकतं, तान्ह्या बाळालाही चालतं."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला, मी काही बोलले नाही. मग गेल्या आठवड्यात ताईचा फोन, की चार वर्षांची भाची शू करताना रडतेय, मांड्या लालबुंद झाल्यात. विचारलं तर हेच मिश्रण फुगवायच्या टबात घालून पोरगी पाऊण तास त्यात बसली होती. लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं, डॉक्टरांनी टब बंद करायला सांगितला आणि तीन दिवसांत सगळं उतरलं. म्हणून आता गप्प बसणार नाही.

केमिकल-फ्री कुठून झालं हे? पहिलंच नाव भांड्यांच्या लिक्विडचं आहे! ते तव्याचं तूप सोडवायला बनवलेलं असतं, पोरीच्या कातडीवरचं नैसर्गिक तेलही तसंच धुऊन नेतं. आणि लॅव्हेंडरमधलं लिनालूल, लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, ही दोन्ही सुगंधी रसायनं ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर छापावीच लागतात कारण काहींना त्यांची ॲलर्जी येते. झाडातून आलं म्हणून ते सौम्य होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या 25 थेंबांचा. साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली, म्हणजे हे मिलीच्याही वर, आणि तेल पाण्यात विरघळत नाही हो! काचेच्या ग्लासात पाणी घेऊन निलगिरीचे दोन थेंब टाकून बघा, वर तवंग येतो आणि बोट बुडवलं की तोच बोटाला चिकटतो. लिक्विडमुळे थोडं मिसळतं, पण टब नीट ढवळला नाही तर तेच पोराच्या अंगाला, नको त्या जागी लागतं. शिवाय बाटली टबाशेजारीच ठेवलेली असते. निलगिरीचं तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते, कापराचंही तसंच. आणि हे म्हणे तान्ह्याला चालतं! तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ निलगिरी, पुदिन्याची तेलं नेऊच नयेत, श्वास अडकू शकतो.

बरं, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथली अन्न-औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नियमात फेसाच्या बाथ प्रॉडक्टवर इशारा छापणं सक्तीचं आहे, की जास्त वापरलं किंवा जास्त वेळ त्यात बसलं तर त्वचेला आणि मूत्रमार्गाला त्रास होऊ शकतो, पुरळ, लाली, खाज आली तर वापर थांबवा. हा इशारा कंपनीच्या, मोजून मापून बनवलेल्या बाटलीवर असतो. व्हॉट्सॲपच्या रेसिपीवर कोण छापणार?

लिंबू-सोड्याचं म्हणाल तर ती नुसती फसफस, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, फेस त्याने येत नाही, तो लिक्विडचाच. 6 महिने टिकणं तर सोडूनच द्या, गुलाबजल आणि लिंबाचा रस घातलेल्या, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बाटलीत आठ-पंधरा दिवसांत जंतू वाढू शकतात आणि वास यायच्या आधीच वाढतात.

ग्लिसरीन घालणं मात्र बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. त्याने बुडबुड्यावरचं पाणी लवकर उडत नाही, बुडबुडे जरा जास्त टिकतात. मेसेजमधली तेवढी एक गोष्ट बरोबर.

पोरांना फेस हवाच असेल तर बिनवासाचा बेबी शाम्पू चमचाभर नळाच्या धारेखाली सोडा, दहा मिनिटं खेळू द्या, मग साध्या पाण्याचे दोन तांबे अंगावर घाला. तान्ह्यांना तेही नको. मोठ्यांना सुगंध हवा असेल तर तेलाचे दोन-तीन थेंब आधी शाम्पूत नीट घोटून घ्या, थेट पाण्यात टाकू नका. ताईने तिची बाटली मोरीत ओतली आणि ज्या काकूंनी मेसेज पाठवला होता त्यांनाही मी फोन करून सांगितलंय.