‘दहा प्लाय’ टायरमध्ये दहा थर नसतात

पिकअपसाठी नवे ऑल-टेरेन (पक्क्या आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारे) टायर शोधणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो: ‘दहा प्लायचेच घ्या, आत दहा थर असतात, पंक्चर होणारच नाही.’ हे चुकीचं आहे आणि त्यामुळे लोक गरज नसलेले जड टायर घेतात, याचं मला वाईट वाटतं.

टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं एकदा वाकून वाचा. लोड रेंज ई, म्हणजेच ‘दहा प्लाय’ टायरवरही कडेला पॉलिएस्टरचे दोन-तीनच थर असल्याचं छापलेलं सापडेल. सुती धाग्यांच्या काळात थर मोजून ताकद ठरायची. धागे बदलले, आकडा मात्र तसाच राहिला. आज तो फक्त भारक्षमतेचा दर्जा सांगतो. दगडाने कड फाटेल की नाही, हे टायरच्या बांधणीवर ठरतं.

मापाशेजारचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, पाहा. ११५ म्हणजे एका टायरला १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. गाडीच्या मूळ टायरपेक्षा तो कमी नको. रोज भरपूर माल वाहत असाल, जड ट्रेलर ओढत असाल, तर लोड रेंज ई जरूर घ्या. रिकाम्या पिकअपला मात्र ते टणक लागतात, गाडी उसळते, इंधनही थोडं जास्त जातं.

आणि हवेचं विसरू नका. साध्या टायरऐवजी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचे) टायर बसवले, तर तेवढाच भार पेलायला सहसा जास्त हवा लागते. दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा आकडा मूळ टायरचा असतो, म्हणून टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्या.